अकराव्या अक्षरापुढचे नाना

मी काय काम करते, हे मला आजवर सासरी कुणालाच नीट सांगता आलेलं नाही. सासूबाई पाहुण्यांना सांगत, "सून मशिनीत डोकं बसवते." पुढे पुढे मीही हेच उत्तर देऊ लागले, कारण याहून बरं मला सुचलं नाही. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत आमचा छोटा कारखाना आहे. ठिबकचे कॉक वेळेवर उघडणारे-मिटणारे डबे, वजनकाट्यांचे आकडे दाखवणाऱ्या पाट्या आणि डाळमिलमधल्या सॉर्टर यंत्रांचे कंट्रोल बोर्ड आम्ही बनवतो. त्या बोर्डावर नखाएवढी एक चिप असते. तिने काय करायचं ते मी सी भाषेत लिहिते. आता पन्नाशी आली, तरी तेच लिहिते आहे. मधल्या काळात नव्या भाषा आल्या, त्या शिकून मुलं पुण्याला गेली. चिप लहान आहे, तिला फार शिष्टाचार परवडत नाहीत, म्हणून आमच्याकडे अजून सी.

ही भाषा कामाला चोख आहे. तिचा एकच स्वभाव लक्षात ठेवावा लागतो. तिला कधी नाही म्हणता येत नाही.

हे समजायला तुम्हाला माझ्या माहेरी, भुसावळला न्यावं लागेल. वडील रेल्वेत होते. आम्ही राहायचो त्या लाईनीत एकाला एक लागून बारा क्वार्टर होती. समजा, दारांवरचे नंबर पुसले गेलेत आणि पोस्टमनला फक्त पहिल्या दाराचा पत्ता ठाऊक आहे. त्याला सांगायचं, पहिल्या दारापासून तीन दारं पुढे जा आणि पत्र टाक. तो जातो, टाकतो. पत्र पहिल्याच घरचं असेल तर सांगायचं, शून्य दारं पुढे जा. आमच्या धंद्यात मोजणी शून्यापासून का, याचं उत्तर एवढंच आहे. त्या लाईनीला आम्ही अ‍ॅरे म्हणतो, पहिल्या दाराच्या पत्त्याला पॉइंटर, आणि "इतकी दारं पुढे" या हिशेबाला पॉइंटरचं गणित. साहेबलोकांच्या बंगल्यांच्या ओळीत एक दार पुढे म्हटलं तर पाऊल लांब पडतं, आमच्या क्वार्टरांत आखूड. ते भाषा आपलं आपण सांभाळते.

आता त्याच पोस्टमनला म्हटलं, बारा दारं पुढे जा. बारा क्वार्टरांत पहिल्यापासून अकराच दारं पुढे जाता येतं. त्यापलीकडे आमच्याकडे पाण्याची टाकी होती. शहाणा पोस्टमन परत येऊन विचारेल. सी भाषेचा पोस्टमन टाकीत पत्र टाकतो आणि पत्र पोचलं असं कळवतो. पुढे कधीतरी लाईनीतल्या नळांना घाण पाणी येतं. लोक प्लंबर बोलावतात, पाइप उकरतात, शेजारणीशी भांडतात. पोस्टमनवर कुणाचा संशय जात नाही.

माझ्या नोकरीचा मोठा भाग टाकीतली पत्रं शोधण्यात गेला.

सुरुवातीच्या काळात धुळ्याकडच्या एका केळीवाल्या आबांचा फोन आला होता. आमचा डबा आठ कॉकांचा. आबांनी नऊ नंबर टाकून बघितला. का टाकला विचारलं तर म्हणाले, "बटन व्हतं, दाबी दिधं." बटण असलं की ते दाबून बघणार, हे आमच्या शिकलेल्या लोकांच्या कधी डोक्यातच येत नाही. डब्याने नऊ नंबर मुकाट घेतला. आठांच्या शेजारच्या जागेत घड्याळ होतं, नवव्याची वेळ तिथे जाऊन बसली. आबा म्हणाले, "ताई, तुमनं घड्याळ येडं व्हई गयं. भर दुपारी रात दखाडस." घड्याळाची चिप बदला, बॅटरी बदला, सगळं झालं. शेवटी कळलं की घड्याळाचा काही दोष नव्हता, त्याचा शेजारी मर्यादा सोडून वागला होता. आबांना मी हे समजावलं तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "मंग आमना बांधासारखंच शे."

ते हसण्यावारी गेलं, कारण त्यात कुणा माणसाचं नाव खराब झालं नव्हतं. नानांच्या वेळी तसं नव्हतं.

ती एक जुनी डाळमिल. मालक शेठजी, पणजोबा मारवाडातून आलेले, घरात हिंदी-मारवाडी आणि मिलमध्ये मराठी. माणूस कामाला कडक, पण कामगाराच्या घरी लग्न असलं की स्वतः जाऊन उभा राहणारा. त्यांच्याकडे आमचा बोर्ड बसवलेलं सॉर्टर यंत्र होतं. फुटलेली, पॉलिश झालेली तूरडाळ उतरत्या पत्र्यावरून पातळ पडद्यासारखी खाली येते. वाटेत कॅमेरा तिला बघतो. काळा दाणा, खडा, टरफल चिकटलेला दाणा दिसला की खाली ओळीने लावलेल्या नोझलांपैकी नेमकं त्याच्या समोरचं नोझल हवेची फुंकर मारतं आणि तो दाणा बाजूला उडतो. कॅमेऱ्यापासून नोझलपर्यंत पडायला दाण्याला डोळ्याची पापणी लवण्यापेक्षाही कमी वेळ लागतो. तेवढंच थांबून फुंकर मारायची. लवकर मारली तर पुढचा चांगला दाणा उडतो, उशिरा मारली तर मागचा. काळा दोन्ही वेळा निसटतो. प्रत्येक नोझलची थांबायची वेळ चिपमध्ये एका ओळीत लिहिलेली असते.

शेठजींचा फोन आला तो तक्रारीचा नव्हताच. म्हणाले, "मॅडम, मशीन ठीक आहे. ऑपरेटर बदलायचा आहे. नवीन माणसाला शिकवायला तुमच्याकडून कुणी येईल का?"

मी विचारलं, जुन्याचं काय झालं.

"ज्ञानेश्वरची नजर गेली. त्याच्या पाळीत काळा दाणा येतो. सकाळच्या पाळीत मंगलाबाई असते, तिचा माल साफ. मशीन तीच, डाळ तीच. दोन पार्ट्यांनी गोणी परत केल्या. सोमवारपासून त्याला गोणी शिवायला बसवतो. माणूस जुना आहे, काढायचा नाही मला."

ज्ञानेश्वर म्हणजे नाना. मिलमध्ये शेठजी सोडून सगळे त्यांना नानाच म्हणत. एरंडोलजवळच्या गावचे. डाळ हाताने निवडणाऱ्या बाया ओळीने बसायच्या त्या काळापासून ते या मिलमध्ये होते. पहिलं सॉर्टर आलं तेव्हा ते चालवायला कुणी तयार होईना, तेव्हा नाना पुढे झाले. आता सकाळी जी मंगला मशीन चालवते, ती त्या निवडणाऱ्या बायांतलीच एक. तिला मशीनवर आणलं ते नानांनी. गोणी शिवण्यात कमीपणा काही नाही, पण मिलच्या मधोमध, सगळ्यांदेखत, स्वतः शिकवलेल्या बाईच्या मशीनसमोर बसून शिवायच्या, हे वेगळं.

मी आमच्या सर्व्हिसच्या प्रवीणला न पाठवता स्वतः गेले. यात दयेचा भाग नव्हता. "मशीन तेच, माणूस बदलला की बिघडतं" हे वाक्य मला पटत नाही. सॉर्टर चालवणाऱ्याला दाणे बघायचे नसतात, ते कॅमेरा बघतो. ऑपरेटरची नजर अधू झाली तर त्याला बिघाड उशिरा कळेल, पण त्याच्या नजरेने बिघाड होणार नाही. हे मी शेठजींना सांगितलं. ते म्हणाले, "मग सेटिंगला हात लावत असेल."

मी येणार म्हणून शेठजींनी नानांना सकाळीच बोलावलं होतं आणि मंगलाला त्या दिवसापुरतं पॅकिंगला पाठवलं होतं. नाना उंच, सडसडीत, तोंडाला उपरणं गुंडाळलेलं, कपाळावर डाळीची पिवळी धूळ. शेठजी म्हणाले, "ज्ञानेश्वर, चालू कर, मॅडमना दाखव." नानांनी पॅनेलसमोर उभं राहून चष्मा नाकावर खाली ओढला, एकेक बटण शोधत नाव टाकलं, मशीन सुरू केलं. तासभर मी पसाभर पसाभर डाळ उचलून बघत होते. एक काळा दाणा नाही. लॅपटॉप जोडून थांबायच्या वेळांची ओळ वाचली. सगळे आकडे चाळिशीच्या आगेमागे, जसे हवेत तसे.

शेठजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "बघा. तुम्ही समोर उभ्या आहात तर नीट चालवतो."

हे बोलणं नानांनी ऐकलं असावं. मी लॅपटॉपची वायर गुंडाळत होते तेव्हा ते जवळ आले. "ताई, मना डोयाच गयात व्हतीन," हळूच म्हणाले. "चष्मा बी नवा करी लिधा. तरी काया दाना निघी जास."

"नाना, मशीन डाळ तुमच्या डोळ्यांनी बघत नाही."

"ते माले बी माहीत शे. पन मंगलाना टाइमले निघत नही, मना टाइमले निघस. मंग दोस कोना?"

त्यांनी सेटिंगला हात लावला का, हे मी विचारलं. ते रागावले नाहीत. त्या जागी बोर्डाला कुलूप आहे आणि किल्ली शेठजींच्या कमरेला आहे, एवढंच त्यांनी बोटाने दाखवलं.

आमच्या धंद्यात पहिला प्रश्न एकच असतो, बिघाड सुरू होण्याआधी काय बदललं. मी तो शेठजींना विचारला. काहीच नाही, ते म्हणाले. मग आठवून म्हणाले, "तुमचा माणूस येऊन ती नावाची स्क्रीन टाकून गेला, तेवढं. पण त्याचा नोझलशी काय संबंध?"

ही नावाची स्क्रीन त्यांनीच मागून घेतली होती. पाळी सुरू करताना ऑपरेटरने नाव टाकायचं, म्हणजे माल खराब निघाला तर कुणाच्या हातून, ते कळेल. आमच्याकडे तेव्हा असलेल्या एका मुलाने ती लिहिली आणि तो पुण्याला गेला. शेठजींचं म्हणणं मलाही त्या वेळी पटलं. नावाचा आणि नोझलचा माणसाच्या हिशेबात काहीच संबंध नसतो. मी शेठजींकडून फक्त एक पाळी आणखी मागून घेतली. सोमवारच्या आधी, मंगला सकाळी आणि नाना दुपारी, रोजच्यासारखी. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही उगाच त्याला आशा लावताय." नाही मात्र म्हणाले नाहीत.

कारखान्यात प्रवीणने निकाल देऊन टाकला, "धूळ असेल." डाळमिलमधल्या प्रत्येक बिघाडाला प्रवीणचं हेच उत्तर असतं आणि दहापैकी सात वेळा ते बरोबर निघतं, हेच त्याचं वाईट.

ठरल्या दिवशी मी सकाळीच मिलमध्ये जाऊन एका उलट्या डब्यावर बसले. मंगला मशीनवर होती. चाळिशीची, बोलायला फटकळ. मला म्हणाली, "ताई, एवढ्या लांबून बसायला येता, घरी डबा कोण करतं?"

"नवरा."

"आणि तो नोकरी करत नाही?"

"करतो. डबाही करतो."

"मग असला एक नवरा आमच्याकडे पाठवा." मशीनवरून नजर न हलवता ती हे सगळं बोलत होती. तिच्या पाळीत डाळ स्वच्छ उतरली. जेवताना तिने भाकरी आणि ठेचा माझ्यापुढे सरकवला आणि आवाज खाली करून म्हणाली, "नानांचं काही करा. सोमवारनंतर मी त्यांच्यासमोर कशी उभी राहू?"

दुपारी नाना आले. घागरीतलं पाणी प्यायले, उपरणं झटकून तोंडाला बांधायला लागले. तेवढ्यात मंगलाने आपली पाळी बंद केली, रोजच्या सवयीने नानांचं नाव टाकलं, मशीन सुरू केलं आणि बाजूला झाली. दोघं एकमेकांशी बोललेही नाहीत, इतकं ते सरावाचं होतं. नानांची बोटं बटणांवर हळू चालतात, म्हणून ती रोज हे काम करत होती. हे तेव्हा माझ्या डोक्यात नोंदलं गेलं, पण एवढंच, की बाई मदत करते.

थोड्याच वेळात पडद्याच्या डाव्या कडेला काळे दाणे उतरायला लागले. फक्त डाव्या कडेला, चार बोटांच्या पट्टीत. बाकी सगळी डाळ सोन्यासारखी. नानांनी पसा धरून ते बघितलं आणि माझ्याकडे न बघता मशीनकडे बघत राहिले.

मी लॅपटॉप जोडला. थांबायच्या वेळांची तीच ओळ वाचली. सहाव्या नोझलपासून पुढे सगळं चाळिशीच्या आगेमागे. पहिल्या पाच जागी मात्र हे आकडे: अठ्ठ्याहत्तर, पासष्ट, अठ्ठ्याहत्तर, पासष्ट, शून्य.

विजेच्या झटक्याने, धुळीने, ओल धरल्याने आकडे बिघडतात तेव्हा ते असे जोडीजोडीने येत नाहीत. हे कुणीतरी लिहिलेलं होतं. आणि पासष्ट हा आकडा आमच्या धंद्यातल्या माणसाला गर्दीतही ओळखू येतो. चिपला अक्षरं कळत नाहीत, ती प्रत्येक अक्षराचा नंबर ठेवते, आणि इंग्रजी मोठ्या ए चा नंबर पासष्ट. तिथून बोटं मोजत गेलं की अठ्ठ्याहत्तर म्हणजे एन. शून्य म्हणजे शब्द संपला.

मी वाचलं. एन, ए, एन, ए.

मंगला पिशवी खांद्याला लावून निघाली होती. तिला हाक मारली.

"मंगला, आत्ता नाव काय टाकलंस?"

"नानांचं."

"पूर्ण काय टाकलंस ते सांग."

"ज्ञानेश्वर नाना." तिला वाटलं, काही चुकलं. "का, स्पेलिंग चुकलं का? पोरीने लिहून दिलं होतं, तसंच टाकते मी."

"स्पेलिंग बरोबर आहे. ते स्वतः टाकतात तेव्हा पुढे नाना लावत नाहीत."

"स्वतःला कुणी नाना म्हणतं का, ताई?" मी काहीतरी बाळबोध विचारल्यासारखं तिने माझ्याकडे बघितलं. "आणि मी नुसतं नाव कसं टाकू? सासऱ्याच्या वयाचे आहेत. त्यांनी मला मशीनला हात लावायला शिकवला."

पुण्याला गेलेल्या त्या मुलाने नावासाठी बारा जागा ठेवल्या होत्या. शेवटची जागा शून्याला, म्हणजे शब्द संपल्याच्या खुणेला. उरल्या अकरा. इंग्रजीत लिहिलेलं ज्ञानेश्वर बरोबर अकरा अक्षरांत बसतं, अगदी कडेपर्यंत. मंगला हे नाव तर सहज मावतं. ज्ञानेश्वरच्या पुढे मोकळी जागा सोडून नाना लिहिलं, की ती मोकळी जागा बाराव्या खोलीत जाते आणि नाना लाईनीच्या बाहेर पडतात. नावाच्या लाईनीला लागून नोझलांची लाईन होती. सी भाषेने विचारलं नाही. एन, ए, एन, ए ही चार अक्षरं तिने पहिल्या चार नोझलांच्या घरात ठेवली आणि पाचव्याच्या घरात शून्य. चार नोझलं उशिरा फुंकर मारत होती आणि पाचवं थांबतच नव्हतं.

प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला यंत्र आधी सगळ्या वेळा कायमच्या जागेतून नव्याने उचलून आणतं आणि मग नाव लिहितं. त्यामुळे मंगलाने सकाळी स्वतःचं नाव टाकलं की सगळं जागच्या जागी. नानांनी स्वतः नाव टाकलं तरी जागच्या जागी. मंगला रजेवर असली की नाना स्वतः टाकायचे आणि त्या दिवशीचा माल साफ निघायचा. लोक म्हणायचे, आज नानांचं लक्ष होतं.

आमच्याकडे कारखान्यात चाचणी घेताना सगळे टेस्ट असं नाव टाकतात. चार अक्षरं. टेस्टला कुणी नाना, आबा, अक्का म्हणत नाही.

मी शेठजींना ऑफिसातून बोलावून आणलं. समजावण्यापेक्षा दाखवणं सोपं होतं. नानांना म्हटलं, मशीन बंद करून पुन्हा नाव टाका, तुम्ही टाकता तसं. त्यांनी टाकलं. डावी कड साफ. मंगलाला म्हटलं, आता तू टाक, तू टाकतेस तसं. डाव्या कडेला काळं. शेठजींनी पुन्हा करायला लावलं. मग आणखी एकदा. चौथ्यांदा मंगला म्हणाली, "शेठजी, दिवसभर करू, पण डाळ वाया चालली आहे."

शेठजी पॅनेलवरच्या नावाकडे बघत होते. "हे नाव मीच मागून घेतलं," ते म्हणाले. "कुणाच्या हातून बिघडतं ते कळावं म्हणून." मग कुणाकडे न बघता ऑफिसात गेले.

नाना उभेच होते. त्यांना किती कळलं माहीत नाही. त्यांनी मला एकच विचारलं, "म्हंजे डोया ठीक शेतस ना, ताई?"

"ठीक आहेत."

त्यांनी नवा चष्मा काढला, उपरण्याने पुसला आणि खिशात ठेवला. "हाऊ नवा बसत बी नव्हता," म्हणाले.

मंगलाची काळजी वेगळी होती. तिने विचारलं, आता हे नीट कसं करणार. मी सांगितलं, अकरा अक्षरांनंतर यंत्र पुढचं घेणारच नाही, तिथेच तोडेल. तिने ते मनात लिहून बघितलं असावं. "म्हणजे ज्ञानेश्वर राहील आणि नाना कापले जातील?"

"हो."

"मग मशीनसुद्धा त्यांना एकेरीच बोलावणार."

कारखान्यात जाऊन बसले तेव्हा तिचं हे बोलणं डोक्यात होतं. दुरुस्ती तशी एका ओळीची असते. लाईन संपली की थांब, एवढं सांगायचं. जी ओळ त्या मुलाने पहिल्याच दिवशी लिहायला हवी होती ती मी लिहिली, आणि आमच्या बाकीच्या सगळ्या यंत्रांत ती आहे का हेही बघितलं. दोन ठिकाणी नव्हती. मग नावाच्या जागा बारावरून बत्तीस केल्या. यात मंगलाच्या बोलण्याचा भाग किती आणि व्यवहाराचा किती, हे मी मोजलेलं नाही. आपल्याकडे नाव तिथेच संपत नाही, पुढे भाऊ येतो, आबा येतात, अण्णासाहेब येतात, हे लिहिणाऱ्याने धरून चालायला हवं. चिपमध्ये वीस जागा निघाल्या. त्यांच्यावाचून चिपचं काही अडत नव्हतं.

प्रवीण दुरुस्तीचा रिपोर्ट भरत होता. "मॅडम, बिघाडाचं कारण काय लिहू? ऑपरेटरला जास्त मान दिला?"

"जागा कमी होती, असं लिही."

तो हसला, पण तेच लिहिलं. त्या आठवड्यात त्याने दुसऱ्या कुठल्या बिघाडाला धूळ म्हटलं नाही.

सोमवारी नवं सॉफ्टवेअर घेऊन मिलमध्ये गेले. गोणी शिवायच्या जागेवर कुणी बसलेलं नव्हतं. नवा ऑपरेटरही आला नव्हता. शेठजींनी त्याला येऊ नको म्हणून कळवलं होतं. ज्या पार्ट्यांनी गोणी परत केल्या होत्या त्यांना त्यांनी काय सांगितलं, हे मी विचारलं नाही. पण एवढं मला ठाऊक आहे, की मधल्या काळात सगळ्या मिलने नानांची नजर गेल्याचं एकमेकांना सांगितलं होतं, त्यांच्या गावापर्यंत ते पोचलं होतं, आणि नानांनी स्वतः त्यावर विश्वास ठेवला होता. बोर्डात नवं सॉफ्टवेअर घालायला चहा पिऊन होईपर्यंतचा वेळ पुरतो. बाकीचं काढून टाकायची सोय माझ्याकडे नाही.

दुपारची पाळी लागत होती. मी म्हटलं, लांब नाव टाकून बघायचं आहे. मंगला पुढे झाली. तेवढ्यात मागून शेठजी आले आणि तिला हाताने थांबवलं.

"मी टाकतो."

शेठजींनी त्या पॅनेलला याआधी कधी हात लावलेला नसावा. एका बोटाने, प्रत्येक अक्षर शोधत, ते ज्ञानेश्वर लिहीत गेले. मोकळ्या जागेचं बटण कोणतं, ते मंगलाने दाखवलं. मग एन. मग ए. मग पुन्हा एन. नाना बाजूला उपरणं हातात धरून उभे होते.

"शेठजी, मशीनले नुसतं नाव बी चालस," ते म्हणाले.

शेठजींनी शेवटचं ए दाबलं. नाना चष्म्याशिवाय पुढे वाकले. स्वतःचं इंग्रजी नाव ते बटणांच्या खुणेने टाकत आले होते, त्याची शेपटी त्यांच्या ओळखीची नव्हती.

"हाई शेवटले काय शे?"

"तुम्हीच ते, नाना," मंगला म्हणाली.

मशीन सुरू झालं. डाळीचा पडदा खाली उतरायला लागला. नानांनी डाव्या कडेखाली पसा धरला, भरू दिला, बोटाने दाणे पसरले आणि पसा तसाच शेठजींपुढे केला. शेठजींनी त्यातली चिमूटभर डाळ उचलली, उजेडाकडे धरून बघितली आणि परत त्यांच्या हातात ठेवली.

"चालू ठेवा, नाना," ते म्हणाले.

मी लॅपटॉपवर ओळ वाचली. पहिल्या नोझलपासून शेवटच्यापर्यंत, चाळिशीच्या आगेमागे.